कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्यात: युएसबी स्टिक की फायरवायर?

दादाच्या लग्नाच्या मिनीडीव्हीच्या, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल, सात कॅसेटी आमच्याकडं २००४ पासनं बिस्किटाच्या डब्यात पडून होत्या. पप्पा दर पावसाळ्यात म्हणायचे अरे त्या बघा एकदा, बुरशी धरंल, आणि आम्ही दर पावसाळ्यात हो म्हणायचो. २०१९ ला कोल्हापुरात शाहूपुरीत मावशीच्या घरात पुराचं पाणी शिरलं, तिच्या फोटो अल्बमांचा लगदा झाला, तेव्हा कुठं मी डबा खाली काढला. नशिबानं मामाचा कॅमेरा अजून चालू होता. म्हणजे दोन रस्ते मोकळे होते आणि मी दोन्ही चालून बघितलेत, आधी स्टिक, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र-आवाज युएसबीतनं लॅपटॉपमध्ये घेणारं छोटं यंत्र, मग फायरवायर, म्हणजे असले कॅमेरे कॉम्प्युटरला थेट जोडायची जुनी डिजिटल वायर.

स्टिकला उगाच नावं ठेवणार नाही. कॅमेऱ्यातनं पिवळी-लाल-पांढरी वायर काढायची, स्टिकमध्ये घालायची, स्टिक लॅपटॉपला, झालं. अर्ध्या तासात पहिली कॅसेट सुरू होते. चित्र थोडं मऊ येतंय, पण आईला फोनवर दाखवलं तर तिला फरक कळला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही लांबून कळला नसता. व्हीएचएस असेल तर बहुतेकांना हाच रस्ता. फक्त तिच्याबरोबर येणारं सॉफ्टवेअर वापरू नका, ओबीएस नावाचं फुकट रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरा आणि फाईल एमकेव्ही प्रकारची करा. साधी एमपी४ ची फाईल शेवटी नीट बंद झाली नाही तर उघडतच नाही, आणि आमच्या भागात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, माझा एकदा पाऊण तास असाच गेलाय.

आता ज्यावरनं माझं मन उठलं ते सांगतो. तिसरी कॅसेट, मंगलाष्टका. सुरुवातीला सगळं जागेवर, भटजींचे ओठ आणि आवाज बरोबर. पण कॅसेटीच्या शेवटाकडं जाईपर्यंत काय झालं तर पडद्यावर लोकांनी अक्षता टाकल्या, टाकून खाली बघायला लागले, आणि मग 'सावधान' ऐकू आलं. हलगीवाल्याची काडी पडतीय आधी आणि कडाका नंतर. मला वाटलं आवाज दीड सेकंद अलीकडं सरकवला की काम झालं, सरकवला, तर शेवट जुळला आणि सुरुवात बिघडली. कारण हा फरक एकदम पडत नाही, थोडा थोडा वाढत जातो. टेप जिथं खराब असते तिथं स्टिक काही फ्रेम, म्हणजे एकेक सुटं चित्र, गाळते, आवाज मात्र आपल्या चालीनं जात राहतो, शिवाय चित्राचं आणि आवाजाचं घड्याळ वेगळं असेल तर तोही फरक साठत जातो. मग दर पाच-सात मिनिटांनी कट मारून आवाज जुळवत बसायचं. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधनं कॉन्स्टंट फ्रेमरेट (दर सेकंदाला ठरावीक फ्रेम) करून घेतलं तर एडिटिंगमध्ये आणखी घसरायचं थांबतं, पण कॅप्चर होतानाच गेलेली फ्रेम ती कुठनं आणणार. दोन कॅसेटी अशा जुळवल्या, दोन रविवार गेले, तिसऱ्या रविवारी लॅपटॉप बंद केला आणि रंकाळ्यावर जाऊन भेळ खाल्ली.

फायरवायरचं गणितच वेगळं आहे. मिनीडीव्हीवर जे आहे ते मुळात डिजिटलच आहे, फायरवायर ते जसंच्या तसं कॉपी करतंय, तासाला साधारण १३ जीबी. स्टिकच्या रस्त्यानं तेच आधी ॲनालॉग होतं आणि मग परत डिजिटल, म्हणजे चांगला गूळ पाण्यात कालवायचा आणि त्याला उसाचा रस म्हणायचं. इथं चित्र आणि आवाज टेपवरनंच एकत्र बांधून येतात. तीच तिसरी कॅसेट घेतली, 'सावधान' आणि अक्षता बरोबर एका टायमाला. शिवाय शूटिंगची तारीख-वेळ पण सोबत येते, विनडीव्ही नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे ते प्रत्येक शॉटची वेगळी फाईल करून देतं. त्यात हळदीची वेळ रात्री ११:४० निघाली, आई इतकी वर्षं सांगत होती संध्याकाळीच उरकली म्हणून.

पण त्रास आहे, लपवत नाही. आताच्या लॅपटॉपला फायरवायरचं भोक नसतंय. मी उद्यमनगरात मित्राच्या वर्कशॉपमध्ये बिलं करायचा जुना डेस्कटॉप होता त्यात फायरवायरचं कार्ड बसवलं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप बघून घेतलं, तेच घ्या म्हणतात सगळे. विंडोज १० वर कॅमेरा दिसत होता पण कॅप्चर होईना, मायक्रोसॉफ्टचा लेगसी, म्हणजे जुना, ड्रायव्हर टाकून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो हातानं निवडला तेव्हा चाललं. मॅकवाल्यांनी मॅकओएस २६ टाकायच्या आधी विचार करा, त्यात फायरवायर काढून टाकलंय. आणि एका बाजूला युएसबी, दुसऱ्या बाजूला फायरवायर अशी नुसती स्वस्त केबल ऑनलाइन दिसली तर घेऊ नका, मी घेतलीय, तिच्यात बदलायचं काहीच यंत्र नसतं. डिस्कचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीला, म्हणजे वीसेक मिनिटांत, कॅप्चर थांबणार, आधी एनटीएफएस करा.

एक्स्पोर्टची भानगड दोन्हीकडं सारखीच. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर डीइंटरलेस करायचं राहिलंय, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं (फील्ड) नीट एक करायची राहिलीत. डीइंटरलेस करूनही चित्र थरथरत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागलाय, डीव्हीला लोअर फर्स्ट (खालच्या ओळी आधी) लागतं, स्टिकचं बऱ्याचदा अप्पर (वरच्या आधी). नवरी एकदम बारीक दिसायला लागली तर खूश होऊ नका, ७२०×५७६ तसंच चौकोनी पिक्सेलनं बाहेर पडलंय, ७६८×५७६ करा. एक्स्पोर्ट दर वेळी एकाच टक्क्याला अडकत असेल तर टाइमलाइनवर तिथं बहुतेक खराब फ्रेम असते, तेवढी कापा.

आता कुणी काय घ्यावं हे ज्याच्या त्याच्या घरी काय पडलंय त्यावर आहे. एकच कॅसेट असेल तर कार्डाच्या मागं कशाला लागताय, स्टिक बास. व्हीएचएसवाल्यांना एक मधला रस्ता आहे, काही डीव्ही कॅमेरे व्हीसीआरचं चित्र आत घेऊन फायरवायरनं बाहेर देतात, त्यात आवाज सहसा घसरत नाही, पण सगळ्या मॉडेलला ही सोय नसते. पण मिनीडीव्ही असेल, चार-पाच कॅसेटी असतील आणि कॅमेरा चालू असेल, तर माझ्या मते जुना डेस्कटॉप हुडकायला एक रविवार घालवा, माझ्यासारखे तीन नको.

माझी स्टिक आता त्याच वर्कशॉपवाल्या मित्राकडं आहे, त्याच्या बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस आहे म्हणून नेलीय. अजून परत मागितली नाही.