सशांच्या दोन माद्यांची नसबंदी: एकाच दिवशी की अंतर ठेवून?

एकाच वेतातल्या दोन माद्या घरी आणल्या की पहिले काही महिने मजेत जातात. एकमेकींना खेटून झोपणं, कान चाटणं, एकाच वाटीतून खाणं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात वयात आल्यावर चित्र बदलतं. एक दुसरीच्या अंगावर चढते, पाठलाग होतो, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात केसांचे पुंजके सापडतात. मग घरात प्रश्न येतो: नसबंदी (म्हणजे शस्त्रक्रियेने अंडाशय आणि गर्भाशय काढून टाकणं) करायची का, एकीची की दोघींची, एकदम की आधी एक आणि मग दुसरी? माझं मत आधीच सांगते. दोघींची करावी, आणि सशांवर शस्त्रक्रिया करण्याची सवय असलेला डॉक्टर मिळाला तर एकाच दिवशी करावी.

त्याआधी एक खात्री करून घ्या. क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारातून दोन महिन्यांची पिल्लं आणली असतील तर ‘दोन्ही माद्याच आहेत’ या दुकानदाराच्या शब्दावर थांबू नका. इतक्या लहान वयात नर-मादी ओळखताना चूक होते. एक नर निघाला तर सारंच गणित बदलतं, कारण गर्भधारणा जेमतेम महिनाभराची असते आणि व्यायल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते.

करायची की नाही?

‘नको’ म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. ससा भूल फारशी चांगली सोसत नाही. ब्रिटनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण निरोगी कुत्र्यांत 0.05 टक्के, निरोगी मांजरांत 0.11 टक्के आणि निरोगी सशांत 0.73 टक्के निघालं. म्हणजे हजारात सात. कुणी ‘काही होत नाही हो’ म्हणून हा आकडा उडवून लावत असेल तर ऐकू नका.

पण दुसऱ्या पारड्यात गर्भाशयाचा कर्करोग आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वयाबरोबर त्याचा धोका झपाट्याने वाढतो. काही जातींच्या जुन्या अभ्यासांत चार वर्षांवरच्या माद्यांमध्ये तो साठ टक्क्यांच्या आसपास आढळला होता. हे आकडे ठरावीक कळपांतले आहेत, तुमच्या दोघींना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, आणि हा रोग बहुधा लघवीतून रक्त जायला लागल्यावरच लक्षात येतो. तोवर तो फुप्फुसांपर्यंत पोहोचलेला असू शकतो.

जोडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सशाच्या मादीत बीज ठरावीक दिवशी सुटत नाही, समागमाच्या उत्तेजनाने सुटतं. ते उत्तेजन दुसऱ्या मादीने अंगावर चढण्यानेही मिळू शकतं. त्यातून खोटी गर्भधारणा होते. दोन-अडीच आठवडे ती मादी छातीचे केस उपटून घरटं करते, चिडचिडी होते, मैत्रिणीला जवळ येऊ देत नाही. एकत्र राहणाऱ्या दोघींत हे पुन्हा पुन्हा घडू शकतं.

एकीचीच करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. दुसरीचा धोका राहतोच आणि तिचं चढणंही थांबत नाही.

एकाच दिवशी की अंतराने?

ससे एकमेकांना बरंचसं वासावरून ओळखतात. एक दवाखान्यातून औषधांचा, दुसऱ्या प्राण्यांचा वास घेऊन आली की घरी थांबलेली तिला परकी समजून हल्ला करू शकते. दोघी एकत्र गेल्या तर दोघींना तोच वास असतो. दोघी थकलेल्या असतात, पाठलाग करण्याइतकी ताकद कुणाकडेच नसते. पुढच्या चार-सहा आठवड्यांत दोघींची संप्रेरकंही बरोबरच ओसरतात. रजाही एकदाच घ्यावी लागते.

अडचण असते ती देखरेखीची. एकाच पेटीत ठेवल्या तर कोणी खाल्लं आणि लेंड्या कोणाच्या, हे कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर तर हेच कळणं सगळ्यात महत्त्वाचं असतं. म्हणून पहिले एक-दोन दिवस मध्ये जाळी लावून शेजारी-शेजारी ठेवा: नाकं टेकतील, पण ताट आणि लेंड्या वेगळ्या राहतील. औषधं दोघींना, सिरिंजने भरवायची वेळ आली तर तेही दोघींना. घरात एकटंच माणूस असेल आणि दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागणार असेल तर हे झेपणार नाही. खर्चही एकदम येतो.

अंतर ठेवलं तर एकीकडे पूर्ण लक्ष देता येतं आणि डॉक्टरांचं कामही आधी पाहायला मिळतं. पण टाके पडलेल्या मादीवर दुसरी चढली तर जखम उघडू शकते. त्यामुळे दहा-चौदा दिवस जाळी, मग दुसरीचं ऑपरेशन, पुन्हा तितकेच दिवस जाळी. इतक्या दुराव्यात चांगली जमलेली जोडीही बिनसू शकते. दोघींपैकी एक अशक्त असेल, वजन कमी असेल किंवा तिला शिंका येत असतील, तर मात्र अंतर ठेवणंच योग्य. तेव्हाही दवाखान्यात दोघींना एकाच टोपलीतून न्या आणि आणा.

डॉक्टर निवडताना

खरं तर एकदम की अंतराने, यापेक्षा डॉक्टर कोण हे जास्त महत्त्वाचं आहे. कुत्र्यामांजरांचा उत्तम सर्जन सशाच्या बाबतीत अननुभवी असू शकतो. ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा’ असं सांगितलं तर दुसरा दवाखाना शोधा. सशाला उलटी होतच नाही आणि त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. तोंडात घास राहू नये म्हणून शेवटचा तास-दोन तास खाणं काढलं तरी पुरतं. गॅसची भूल देता का, भुलीत असताना अंग ऊबदार कसं ठेवता, घरी द्यायला मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक देणार ना, हे न संकोचता विचारा. तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलिन लिहून दिलं तर ते घेऊ नका. सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात आणि त्यातून जीव जाऊ शकतो. गळ्यात प्लास्टिकची कॉलर अडकवायलाही सहसा नकार द्या, कारण ससा स्वतःची मऊ विष्ठा खातो आणि कॉलरमुळे ते अडतं. त्यापेक्षा कातडीच्या आत घेतलेले विरघळणारे टाके मागा.

वय पाच-सहा महिने झालेलं असावं. विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर एप्रिल-मे टाळा. तिशीपुढचं तापमान धडधाकट सशालाही जड जातं. फेब्रुवारीत दोघी सहा महिन्यांच्या होत असतील तर तेव्हाच उरकून घ्या. आधीच रक्त निघेपर्यंत भांडल्या असतील तर ऑपरेशन एकदम करा, पण त्यांना वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा आणि महिना-दीड महिन्याने दोघींनाही नवख्या जागेत पुन्हा ओळख करून द्या.

घरी आल्यावर ताजी हरळी, कोथिंबीर, सुकं गवत लगेच समोर ठेवा. दोघींनी संध्याकाळपर्यंत तोंड लावायला हवं. बारा तासांत एकीने काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, ती पाठ वाकवून दात खात बसली असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. रात्री फोन उचलणार का, हे ऑपरेशनची तारीख घेतानाच त्यांना विचारून ठेवा.