क्वांटम सेन्सिंगमध्ये पीएचडी: पैसा कुणाच्या नावावर?

नेरुळची भाची एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पीएचडी करायचीय क्वांटम सेन्सिंगमध्ये, म्हणजे अणूंच्या पातळीवरचे परिणाम वापरून चुंबकीय क्षेत्रासारख्या गोष्टी अचूक मोजण्याच्या विषयात. गेल्या रविवारी ठाण्याला आमच्याकडे आली ती वहीत रकाने आखूनच. सीएसआयआरची नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप), आयआयटीची असिस्टंटशिप, गाइडचा प्रोजेक्ट, पीएमआरएफ (पंतप्रधान संशोधन फेलोशिप), परदेश. "मावशी, सगळ्यात जास्त पैसे कुठे?" मी म्हटलं, एक रकाना राहिलाय. पैसा तुझ्या नावावर येतो, की गाइडच्या, की संस्थेच्या, ते आधी लिही.

कारण पहिल्या तिन्हींत आकडा सारखाच आहे. नेट-जेआरएफ, आयआयटीची टीचिंग असिस्टंटशिप किंवा नेट-गेटवाल्यांना मिळणारी प्रोजेक्टमधली जेआरएफ, कुठूनही आलात तरी पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००. फरक बाकीच्या गोष्टींत पडतो. नेट-जेआरएफ तुमची स्वतःची. गाइडशी पटलं नाही तर ती घेऊन दुसरीकडे जाता येतं, आणि गाइडलाही ते ठाऊक असतं. असिस्टंटशिप संस्थेची, बदल्यात आठवड्याला साधारण आठ तास लॅब घेणं, पेपर तपासणं. ते काही फार नाही.

प्रोजेक्टचं मात्र नीट बघा. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ६,००३ कोटींचं, मुदत २०३०-३१ पर्यंत. त्याच्या चार हबपैकी, म्हणजे मुख्य केंद्रांपैकी, सेन्सिंग आणि मेट्रोलॉजीचं (मापनशास्त्राचं) आयआयटी मुंबईकडे आहे, म्हणजे आपल्या पवईत. ऐकायला झकास. पण २०२६ च्या जुलैत रुजू झालात तर पाच वर्षं भरतात २०३१ च्या जुलैत, आणि मिशनचं शेवटचं आर्थिक वर्ष त्याच्या आधी, मार्चमध्ये संपतं. शेवटचे महिने थीसिसचे असतात, नेमके तेव्हा खिशात पैसे लागतात. म्हणून प्रोजेक्टमधून सुरुवात करायला हरकत नाही, पण नेट देणं सोडू नका. परीक्षा वर्षातून दोनदा होते.

पीएमआरएफची गोष्ट वेगळी. पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, मग ८०,०००. शिवाय वर्षाला दोन लाखांची संशोधन ग्रँट, तीच मला महत्त्वाची वाटते. सीएसआयआरची कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम, वर्षाला २०,००० आहे. सेन्सिंगच्या प्रयोगात हिऱ्यातल्या नायट्रोजन-व्हेकन्सी दोषावर (कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि शेजारची जागा रिकामी) हिरवा लेझर टाकायचा, २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास मायक्रोवेव्ह द्यायची आणि त्यातून येणारा लाल प्रकाश किती कमी होतो त्यावरून चुंबकीय क्षेत्र मोजायचं. हे खोलीच्या तापमानाला चालतं, थंड करायला लागणाऱ्या हेलियमचा खर्च नाही. तरी ऑप्टिक्सचे चार माउंट घेतले की वीस हजार संपतात. पीएमआरएफला निवड कडक आणि कामाचा आढावा दरवर्षी. नियम बदलत असतात, तेव्हा ताजी जाहिरात वाचूनच अर्ज करा.

परदेशात जर्मनी मला पटते. तिथे पीएचडी करणारा विद्यापीठाचा पगारी माणूस. ई-१३ ही तिथली सरकारी पगारश्रेणी, बहुतेकदा तिचा अर्धा ते पाऊण भाग, करार लेखी. हिऱ्यावरच्या कामासाठी श्टुटगार्ट आणि उल्म नावाजलेली. ब्रिटनमध्ये सेन्सिंगचं हब बर्मिंगहॅमकडे, यूकेआरआयचं (तिथल्या सरकारी संशोधन-निधी संस्थेचं) विद्यावेतन २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड. पण या निधीतून बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना साधारण तीस टक्केच जागा, आणि व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचा आगाऊ. ही रक्कम घरातून उभी करावी लागते.

एक मात्र स्वानुभवाचं: माझी फेलोशिप (कुणाची ते राहू दे) एकदा सलग चार महिने आली नव्हती. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच रुजू व्हा, कुठेही गेलात तरी.

भाचीनं शेवटी नेट आणि पवई असं लिहिलं. ताईचं म्हणणं, नेरुळहून ट्रान्स-हार्बरनं ठाणे, मग स्लो गाडीनं कांजुरमार्ग, पुढे रिक्षा, म्हणजे घरूनच जमेल. मी म्हटलं, ताई, दुपारभर खटपट करून लेझर रात्री दहाला स्थिर होतो, तेव्हा तो बंद करून कुणी गाडी पकडत नाही. हॉस्टेलचा अर्ज भर म्हणावं तिला.