मांजर मोकळं, रात्री घरात की जाळीत? बिबट्याच्या परिसरातल्या घरांसाठी

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो आणि तिथेच पिल्लंही वाढवतो. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, पण मांजरंही होती.

मांजर दिवसरात्र मोकळं ठेवलं तर शेतातले उंदीर आटोक्यात राहतात, म्हणून बहुतेकांचा कल तिकडेच असतो. कुत्रा किंवा कोल्हा मागे लागला तर मांजर झाडावर चढून वाचतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालत नाही, कारण तोही झाडावर चढतो. लहान पिल्लांना घुबडाचाही धोका असतो. गळ्यातल्या घुंगरामुळे पाखरं सावध होतात, मांजराचं रक्षण होत नाही.

दिवसा मोकळं आणि रात्री आत, हा वस्तीवरच्या घरासाठी आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग. दिवसा भटक्या कुत्र्यांचा धोका उरतो, पण बिबट्याची मुख्य वेळ टळते. दिवसाचं मोठं जेवण संध्याकाळीच, अंधार पडण्याच्या तासभर आधी आणि घरातच द्या. आठ-पंधरा दिवसांत मांजर त्या वेळेला आपणहून येऊ लागतं. सकाळीच पोट भरलेलं असेल तर ते हाकेला दाद देत नाही. बेत फसतो तो बहुतेकदा इथेच. उरलेलं खाणं अंगणात ठेवू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

रात्री धान्याच्या खोलीत कोंडलं तर उंदरांचाही बंदोबस्त होतो. मात्र तिथे उंदराचं औषध ठेवलेलं नसावं, कारण विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही दगावू शकतं. कौलारू घरात भिंत आणि छपराच्या मधल्या फटीतून मांजर हमखास निसटतं. ती फट जाळीने बंद करा, वाळूचा ट्रे आणि पाणी आत ठेवा.

जाळीचा पिंजरा दिवसासाठी उत्तम, पण बिबट्याच्या भागात रात्रीसाठी नको. कोंबड्यांची षटकोनी जाळी पंजाने फाटते. एक इंची चौकोनी वेल्डेड जाळी घ्या, छतालाही तीच लावा आणि तळाशी फूट-दीड फूट बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरा, म्हणजे कुत्र्याला खालून उकरता येत नाही. निम्म्या भागावर पत्रा किंवा झावळ्या टाका. एप्रिल-मेच्या उन्हात सावलीशिवाय मांजराचे हाल होतात.

कायम घरात ठेवणं फ्लॅटमध्ये सोपं, वस्तीवर अवघड, कारण दार दिवसभर उघडं असतं. खिडक्यांना मच्छरजाळी पुरत नाही, ती नखांनी फाटते.

कोणताही मार्ग निवडला तरी नसबंदी करून घ्या. नसबंदी न केलेला बोका माजावर आलेल्या मांजरीमागे रात्रभर भटकतो आणि संध्याकाळच्या जेवणालाही परतत नाही.