स्टडी टायमर ॲप: टायमर झकास, पण ती रँक म्हणजे डोक्याला शॉट

५ पैकी २ स्टार, आणि ते दोन्ही टायमरचे.

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण या टाईपची ढीगभर ॲप्स आहेत आणि साचा सगळ्यांचा एकच. अभ्यासाला बसलं की टायमर चालू, उठलं की बंद, आणि तुम्ही किती तास बसलात ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं. आमच्या एंट्रन्सच्या बॅचमध्ये जवळपास सगळ्यांकडे आहे, नसेल तर ‘ही अभ्यास करते ना नक्की?’ असे लूक्स मिळतात, म्हणून मीपण घेतलं.

आधी चांगलं सांगते. फोकस लॉक खरंच भारी आहे, टायमर चालू असताना दुसरं ॲप उघडायचं तर एक भलंमोठं वाक्य जसंच्या तसं टाईप करायला लागतं आणि तेवढ्यात रील बघायची खुमखुमी निघून जाते. विषयवार चार्टपण कामाचा आहे. जो विषय मला आधीच येतो त्यालाच मी निम्मा वेळ देतेय आणि ज्याची धास्ती आहे त्याच्या वाट्याला एक बारीकशी फोड, हे कुणी तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, पण चार्टशी कोण भांडणार.

आता रँक. ती लाईव्ह चालते, म्हणजे दर मिनिटाला वरखाली. जो आत्ता बसलाय त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. तुम्ही जेवायला उठलात की तुमचा ठिपका राखाडी होतो आणि बाकीचे अठरा हिरवे दिसत राहतात, मग घास घशाखाली उतरतो का सांगा. दिवसाचे तास रात्री बाराला शून्य होतात, त्यामुळे अकरा वाजले की खरी मारामारी सुरू. मी झोपायला टेकले की फोन थरथरतो: ‘तू ३ नंबरने खाली गेलीस, अजून वेळ आहे!’ आणि मी उठून बसते. काय वाचलं ते सकाळी विचारू नका.

मुळात हे ॲप मोजतं काय? खुर्चीवर बसलेले तास. टायमर लावून डुलक्या काढणारे आमच्याच ग्रुपमध्ये आहेत, सगळ्यांना माहीत आहे, तरी त्यांच्या वरच्या नंबरने जीव जळायचा तो जळतोच. रोएडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने विचारलं तर ज्यांनी पुस्तक मिटून आठवून आठवून लिहिलं होतं ते पुढे निघाले. आणि आठवून लिहिणं हे डोकं पिळून काढणारं काम आहे, ते सलग नऊ तास होत नाही. म्हणजे जो नीट अभ्यास करेल तो या रँकमध्ये खालीच राहणार. कमाल आहे ना?

मला सगळ्यात जास्त खटकलं ते ग्रुपचं झालेलं वाटोळं. आधी कुणी गणित अडलं म्हणून फोटो टाकला की दोघं तिघं तुटून पडायची, कुणाचं उत्तर बरोबर त्यावरून वाद, त्यात चार जणांचा तो टॉपिक कायमचा पक्का व्हायचा. आता डाऊट सांगायला चॅट उघडायचं म्हणजे आपला टायमर थांबवायचा, मग कोण थांबवतंय. परवा एकीने काहीतरी विचारलं, तासभर सगळे हिरवे आणि उत्तर एकाचंही नाही, शेवटी तिनेच मेसेज डिलीट केला. मी पाहिला होता तो मेसेज. मीपण हिरवीच होते.

तुलना आधी नव्हती का, होती की, पण रिझल्ट लागला की चार दिवस बोलणी खायची आणि विषय संपायचा. आता ती चोवीस तास खिशात असते. आणि हा फक्त आपल्या मनाचा खेळ नाहीये. करन आणि हिल यांचा २०१९ चा अभ्यास आहे, अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधले ४१ हजारांवर कॉलेजचे विद्यार्थी, १९८९ ते २०१६ मधला डेटा. ‘लोकांना माझ्याकडून परफेक्टच पाहिजे’ ही भावना तेवढ्या काळात ३३ टक्क्यांनी वाढलेली सापडली. ॲपवाल्यांनी ही भावना तयार केली असं मी म्हणत नाही, ती आयती मिळाली आणि त्यांनी तिला नोटिफिकेशन जोडलं.

मेंटल हेल्थ कोपरा हा तर निव्वळ विनोद आहे. रोज पाच चेहऱ्यांमधून एक निवडायचा. मी एकदा रडका दाबला. एक गोल आला, फुगतोय तेव्हा श्वास आत, आक्रसतोय तेव्हा बाहेर, मिनिटभर झाल्यावर ‘आता बरं वाटतंय ना?’ आणि खाली बटण एकच, ‘अभ्यास सुरू कर’. नाही म्हणायचं बटणच नाही! त्याच टॅबमध्ये लेख आहे की तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, जे बरोबरच आहे, आणि दोन टॅब पलीकडे रात्री दोननंतर बसणाऱ्याला घुबडाचा बॅज. रँक लपवायची सोय आहे, पण ती प्रीमियममध्ये. दुखणंही यांचंच आणि औषधही यांच्याच दुकानात. आणि हो, ते रडके चेहरे कुठे जातात बघायला प्रायव्हसी पॉलिसी उघडली तर ‘पार्टनर्स’ असा एक गोलमोल शब्द सापडला, पुढे काही नाही.

डब्ल्यूएचओ म्हणते १० ते १९ वयातल्या दर ७ जणांत एकाला काहीतरी मानसिक त्रास असतो, म्हणजे वीस जणांच्या ग्रुपमध्ये दोन तीन जण धरा. त्यांना फुगणारा गोल पुरत नाही. दोन आठवडे जवळपास रोज उदास वाटतंय, झोप भूक बिघडलीये, आवडीच्या गोष्टींत पण मन लागत नाही, असं असेल तर घरातल्या किंवा भरवशाच्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर किंवा काउन्सेलर गाठा. जगणंच नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी सांगा.

घ्यायचं असेल तर एकट्याने वापरा, ग्रुप जॉईन करू नका, नोटिफिकेशन पहिल्या दिवशीच बंद करा, म्हणजे साधा चांगला टायमर उरतो. आईबाबांनी मुलांच्या ग्रुपमध्ये शिरून ठिपका बघत बसणं तर कृपया नकोच, आमच्यात एकाचे बाबा आहेत, तो बिचारा बाथरूमलाही टायमर चालू ठेवून जातो.

आणि सोडताना नुसतं अनइन्स्टॉल करू नका. तुमचं नाव ग्रुपमध्ये शून्य तासांसकट सगळ्यांत खाली लटकत राहतं आणि बाकीच्यांना ‘तिला परत बोलाव’ म्हणून मेसेज जातात. सेटिंग्ज, मग प्रोफाईल, मग पार तळाशी बारीक राखाडी अक्षरात अकाउंट डिलीट आहे, तिथून करा. ‘नक्की ना?’ असं तीनदा विचारतं.