ए-२ जॅकेट घेताना: चित्रासकट तयार घ्यावं, की कोरं घेऊन रंगवून घ्यावं?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानांच्या नाकाडावर जी चित्रं असायची, तीच चित्रं विमानातली माणसं आपल्या चामडी जॅकेटांच्या पाठीवर रंगवून घ्यायची. विमानाचं नाव, एखादी तरुणी किंवा प्राणी, आणि खाली पिवळ्या किंवा पांढऱ्या बॉम्बच्या ओळी. एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम. त्या काळातली अस्सल जॅकेटं आज संग्रहालयांत आणि लिलावांत आहेत. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या वाट्याला येतात ती नव्याने शिवलेली. आणि पहिल्या खरेदीलाच प्रश्न पडतो की पाठीवर चित्र असलेलं जॅकेट तयार घ्यायचं, की आधी कोरं घेऊन मग रंगवून घ्यायचं.

माझं उत्तर कोरं घ्या, हे आहे. पण त्याआधी जॅकेट कोणतं, ते ठरायला हवं.

ए-२, जी-१ की बी-३

अमेरिकन सैन्यातल्या विमानी जॅकेटांची ही तीन नावं बाजारात सारखी समोर येतात. बी-३ म्हणजे मेंढीचं कातडं, आत लोकर. १९३४ मध्ये ते अमेरिकन लष्कराच्या हवाई दलात आलं. पंचवीस हजार फुटांवर, उघड्या खिडकीतून मशीनगन चालवणाऱ्या माणसासाठी ते होतं. बाहेर उणे चाळीस अंश. आपल्याकडे ते अंगावर घालायची वेळच येत नाही, आणि त्याच्या वरच्या लेपावर चित्र नीट टिकतही नाही. टोरोंटो किंवा शिकागोला राहत असाल तर गोष्ट वेगळी.

जी-१ नौदलाचं. शेळीचं कातडं, कॉलरला लोकरीची फर, हात पुढे नेता यावेत म्हणून पाठीत चुण्या. त्याचा पूर्वज एम-४२२ हा १९४० चा, जी-१ हे नाव १९४७ चं. जॅकेट उत्तम आहे, माझ्याकडेही एक आहे. पण नौदलात विमानावर चित्रं काढायची मोकळीक लष्कराच्या हवाई दलाइतकी नव्हती. नौदलाच्या लिबरेटर या बॉम्बर विमानांवर चित्रं होती, तरी जी-१ची खरी शोभा पाठीवरच्या चित्रात नाही, शिवून लावलेल्या स्क्वाड्रनच्या बिल्ल्यांत आहे. शिवाय पाठीतल्या चुण्यांमुळे चित्राला सलग जागा मिळत नाही.

म्हणून ए-२. १९३१ मध्ये ते मान्य झालं. शर्टासारखी कॉलर, टिचबटणांनी खाली बसणारी. पुढे चेन, तिच्या मागे वारा अडवायला चामड्याची पट्टी, दोन झाकणाचे खिसे, मनगटाला आणि कमरेला विणलेली लोकरीची पट्टी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठ अखंड एका तुकड्याची. मधे शिवण नाही. चित्र काढणाऱ्याला कॅनव्हास हवा असतो, तो इथे आयताच मिळाला. १९४३ मध्ये हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप अरनॉल्ड यांनी नवी ए-२ घेणं थांबवून कापडी जॅकेटं आणली, पण ज्यांच्याकडे ए-२ होती त्यांनी ती सोडली नाहीत.

नव्याने शिवलेलं ए-२ घेताना पाठ आधी बघा. स्वस्तातल्या जॅकेटांची पाठ दोन-तीन तुकडे जोडून केलेली असते, कारण मोठा निर्दोष तुकडा महाग पडतो. तशी पाठ दिसली की पुढचं काही बघायची गरज नाही.

घोडा की शेळी

युद्धकाळातली ए-२ बहुतेक घोड्याच्या चामड्याची, काही शेळीच्या. घोड्याचं चामडं गुळगुळीत आणि घट्ट असतं. झाडाच्या सालीने कमावलेलं असेल तर पहिली दोन वर्षं ते अक्षरशः अंगाशी भांडतं आणि मग तुमच्या कोपराचा, खांद्याचा आकार घेतं. शेळीचं कातडं दाणेदार, हलकं, चिवट, पहिल्या दिवसापासून मऊ. मुंबई-पुण्यात नुसतं वापरायला घ्यायचं असेल तर मी शेळीचं सुचवेन. चित्र काढायचं असेल तर घोड्याचं. दाणेदार पृष्ठभागावर बारीक रेघ तुटक येते, अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. चेहरा रंगवताना तर हे फारच जाणवतं.

पैशाचं सांगायचं तर, जपानमधल्या टोयो एंटरप्राइझची बझ रिक्सन्स, तिथलीच रिअल मकॉयज, इंग्लंडच्या डेव्हनमधली ईस्टमन, स्कॉटलंडची एअरो लेदर ही मंडळी जुन्या लष्करी कंत्राटांनुसार कॉलरचा आकार आणि खिशाचा कोपरासुद्धा जुळवतात. त्यांची किंमत हजार डॉलरच्या आसपास किंवा वर, भारतात मागवलं तर कस्टम ड्यूटी वेगळी. दोन-तीनशे डॉलरमध्येही ‘ए-२’ मिळतं. त्यात बहुतेकदा गाईचं जाड चामडं असतं, वर प्लास्टिकसारखा रंगाचा थर, आणि माप ढगळ. खरं ए-२ कमरेला संपतं आणि अंगाबरोबर बसतं. लांब वाटत असेल तर ते ए-२ नाही.

चित्र: छापलेलं, तयार रंगवलेलं, सांगून रंगवलेलं

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण चुका इथेच होतात. माझीही झाली. पहिलं जॅकेट मी चित्रासकट घेतलं. फोटोत पाठीवरचं चित्र झकास दिसत होतं. हातात आल्यावर त्यावर बोट फिरवलं तर चित्राच्या कडेला नखाला पायरी लागली. म्हणजे रंग नव्हता, उष्णतेने चिकटवलेला पातळ पापुद्रा होता. दुसऱ्या हिवाळ्यात खांद्याच्या हाडावर, जिथे हात पुढे घेतला की चामडं दुमडतं, तिथे त्याला भेग गेली. मग भेगेतून सोलायला लागला. सोललेल्या जागी खाली नवंकोरं तपकिरी चामडं, आणि चित्रातल्या बाईचा अर्धा हात गायब. असं चित्र दुरुस्त होत नाही, सगळं काढून टाकावं लागतं.

हाताने रंगवलेल्या चित्रालाही भेगा पडतात, पण त्या केसासारख्या बारीक, सुरकुतीच्या रेषेत. रंग चामड्यात मुरलेला असतो, त्यामुळे तो सोलत नाही, झिजतो. युद्धातल्या मुलांनी हाताशी होता तो एनॅमल आणि तैलरंग वापरला, तो कडक होऊन तडकायचा. आजचे चांगले चित्रकार चामड्यासाठीचे ॲक्रिलिक रंग वापरतात. काम असं चालतं: आधी कारखान्याने दिलेली चकाकी ॲसिटोनने पुसून काढायची, म्हणजे रंगाला पकड मिळते. मग त्वचा, पिवळा, लाल येणार तिथे पांढरा अस्तर-थर, नाहीतर गडद तपकिरीवर पिवळा रंग बुडून जातो. त्यावर अगदी पातळ थर, एक वाळला की दुसरा. जाड थर एकदम दिला तर पहिल्या दुमडीलाच तो तडकणार.

आता तयार रंगवलेलं आणि सांगून रंगवलेलं यांतला फरक. तयारमध्ये वाट पाहावी लागत नाही, आणि जे दिसतं तेच मिळतं, ही सोय खरी आहे. पण विक्रेत्यांकडे तीच पाच-सात चित्रं फिरत असतात, त्यांत ‘मेम्फिस बेल’ हमखास. ते विमान अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे, २०१८ पासून लोकांना बघायला मिळतं. मी त्याच्या नाकाडाखाली बराच वेळ उभा होतो. डाव्या बाजूची मुलगी निळ्या पोहण्याच्या पोशाखात, उजवीकडची लाल पोशाखात, दोन्हीकडे कानाला फोन. जॉर्ज पेटी या चित्रकाराने मासिकासाठी काढलेल्या चित्रावरून ती टोनी स्टार्सर यांनी इंग्लंडमधल्या बॅसिंगबर्न तळावर रंगवली. तयार जॅकेटांवर मी जितक्या ‘बेल’ पाहिल्या, त्यांत कुठे पोशाखाचा रंग चुकलेला, कुठे बॉम्बची संख्या मनाला येईल ती. एकावर अठ्ठेचाळीस मोजले. १९४३ च्या मे महिन्यात त्या विमानाच्या पंचवीस मोहिमा पूर्ण झाल्या आणि माणसं घरी परतली, ही त्या विमानाची सगळी गोष्ट. तिथे अठ्ठेचाळीस बॉम्ब कसे चालतील?

सांगून रंगवून घेताना तुम्हीच विमान निवडता, फोटो गोळा करता, कोणत्या दलाचा कोणता ग्रुप ते शोधता. चित्रकाराला विमानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्या, आणि मिळाला तर त्याच ग्रुपच्या अस्सल जॅकेटाचा. जॅकेटावरची अक्षरं बऱ्याचदा विमानावरच्यासारखी नसायची, कमानीत वळवलेली असायची. महिना-दोन महिने जातात. खर्च जॅकेटाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. माझ्या दृष्टीने तो सत्कारणी लागतो.

विषय निवडताना दोन गोष्टींचा विचार करा. पाडलेल्या जर्मन विमानासाठी जॅकेटावर नाझी स्वस्तिक काढत. जर्मनीत ते चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथे काम करणारे आपले लोक कमी नाहीत. दुसरं, मजकूर. १९४३ च्या नोव्हेंबरात पाठीवर ‘मर्डर इंक’ लिहिलेलं जॅकेट घातलेला एक अमेरिकन बॉम्बार्डियर, म्हणजे विमानातून बॉम्ब टाकणारा, जर्मनांच्या हाती लागला आणि त्याचा फोटो त्यांनी प्रचारासाठी वापरला. ते शब्द त्याच्या विमानाचं नाव होते. पाठीवरचं वाचणाऱ्याला मागची हकीकत ठाऊक नसते.

आपल्या जवळचा विषय हवा असेल तर चीन-बर्मा-इंडिया आघाडी आहे. बंगालमधल्या पांडवेश्वरहून ७ व्या बॉम्बार्डमेंट ग्रुपची लिबरेटर विमानं बर्मातले पूल आणि रेल्वे उडवायला जायची. या आघाडीच्या खांद्यावरच्या बिल्ल्यात वर निळ्या पट्ट्यात चीनचा सूर्य आणि हिंदुस्थानचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. असे बिल्ले इथल्या कारागिरांनी जरीत भरून दिले, चामड्याचे रंगीत तुकडे जोडून शिवून दिले. छातीवर तसा हाताने केलेला बिल्ला आणि पाठीवर लिबरेटर, असं जॅकेट तयार बाजारात मी अजून पाहिलेलं नाही. माझं दुसरं जॅकेट तेच आहे.

एक विनंती मात्र मनापासून. रंगवून झालं की आतल्या अस्तरावर चित्रकाराचं नाव आणि साल पक्क्या शाईने लिहून घ्या. अस्सल कोऱ्या जॅकेटावर आज चित्र काढून ते युद्धातलं म्हणून विकण्याचे प्रकार होतात, आणि आपलं नव्याने शिवलेलं जॅकेटही वीस वर्षांनी, चांगलं झिजल्यावर, कुणाच्या हाती कसं जाईल सांगता येत नाही.

पावसाळा

कोकणपट्टीत राहणाऱ्याने खरेदीआधी कपाट बघावं. जुलैत चामड्यावर पांढरी बुरशी येते, आणि ती चित्रावरून पुसताना रंग जातो. जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधू नका. रुंद खांद्याच्या हँगरवर, जुन्या सुती साडीच्या कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट टांगा. चित्रावर घडी पडता कामा नये. कफ आणि कमरेची पट्टी लोकरीची असते, तिला कसर लागते. डांबराच्या गोळ्या टाकायच्या तर त्या चामड्याला आणि रंगाला चिकटणार नाहीत अशा, कापडात बांधून. दसऱ्याच्या सुमाराला हवा कोरडी झाली की दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा. चामड्याचं तेल लावायचं ते बाह्यांना आणि पुढच्या भागाला, चित्राच्या कडेपासून चार बोटं लांब.