खालच्या जागेची खाज आणि कराडचा हा त्वचेचा दवाखाना

ज्या बायकांना खालच्या जागेला खाज आहे आणि ट्यूबा लावून लावून ज्या दमल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. या दवाखान्यात मुरमं, केसगळती आणि वांग घेऊन येणाऱ्यांची गर्दी जास्त. त्यातलं मला काही सांगता येणार नाही. माझा त्रास वेगळा होता आणि त्याला नाव इथं मिळालं.

माझं वय ५७. कराडात ३० वर्षं ब्लाउज, परकर, ड्रेस शिवते. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर. पन्नाशीला पाळी गेली आणि त्याच पावसाळ्यात खाज सुरू झाली. दिवसा हाताला काम असतं, तेवढं कळत नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. झोपेतच नखं लागायची आणि सकाळी लघवीला बसलं की अशी आग व्हायची की भिंतीला हात टेकायचे.

सात वर्षांत चार ठिकाणी दाखवलं. नावं घेत नाही. दाखवलं म्हणते, पण खरं म्हणजे टेबलाच्या पलीकडून तोंडी सांगितलं आणि चिठ्ठी घेऊन आले. एका ठिकाणी बुरशी म्हणून आठवड्याला एक गोळी. एका ठिकाणी, पाळी गेल्यावर असं व्हायचंच. साखर तीनदा तपासली, तिन्ही वेळा नॉर्मल. मग मी मेडिकलमधून नायट्याची ट्यूब परस्पर आणायला लागले. ती लावली की चार-पाच दिवस आराम, पुन्हा तेच. एका ओळखीच्या बाईनं ‘तुला कोड फुटलंय’ म्हणून सांगितलं, तेव्हापासून मी कुणाजवळ बोलायचंच सोडलं.

नवरा-बायको म्हणून आमचं जवळ येणं तीन वर्षांपूर्वी थांबलं होतं. चिरायचं, रक्त यायचं. यांनी कधी जोर केला नाही. पण आपल्यामुळे हिला काही लागलं का, हे त्यांच्या मनात होतं आणि माझ्या मनात उलट. दोघंही गप्प.

शेवटी जाऊबाईंनी हाताला धरून इथं आणलं. पहिल्या दिवशी अडीच तास बसलो. बाहेरच्या मुलीनं नाव लिहिताना सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, ‘काय त्रास आहे?’ समोर १५-२० माणसं, त्यात माझी दोन गिऱ्हाइकं. मी ‘हाताला खाज’ सांगितलं. आत गेल्यावर मॅडमना ही गोष्ट आधी बोलले. पुढच्या खेपेला गेले तर टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन. त्रास लिहून घडी घालून द्यायचा. सांगितलेलं इतक्या लवकर ऐकणारा दवाखाना मी पहिल्यांदा बघितला.

मॅडम माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. मी बोलायला लागले, त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, ‘मावशी, पलंगावर झोपा, मला बघू दे.’ मी म्हटलं, बघायलाच पाहिजे का? ‘न बघता मी औषध दिलं तर तुमची अजून सात वर्षं जातील.’

पलंगासमोर पडदा होता, पण वीतभर तोकडा. माझं लक्ष त्यातच. त्यांनी चादर दिली, नर्सताईंना जवळ उभं केलं, दिवा ओढून घेतला आणि भिंगाच्या यंत्रातून सावकाश बघितलं. मग म्हणाल्या, ‘आरसा देऊ का? तुमचं तुम्ही बघितलेलं बरं.’ चार लेकरांची आई मी, त्या जागेकडे जन्मात पहिल्यांदा बघत होते.

कातडी पांढरी झाली होती, चिनीमातीसारखी. समोरून मागच्या वाटेपर्यंत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. जुनी मलमल हातात चुरगळावी तशा बारीक सुरकुत्या, मधेमधे खाजवून झालेले जांभळे ठिपके आणि खालच्या कडेला एक उभी चीर. आतल्या दोन्ही पाकळ्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. बाजूच्या कातडीला चिकटून, दोन कडा मुळात एकच कापड असल्यासारख्या. कापडाची कड कुठं गेली हे मला चटकन कळतं. तिथं कड उरलीच नव्हती. मला रडू आलं. त्यांनी घाई केली नाही.

नाव सांगितलं लायकेन स्क्लेरोसस. कागदावर मराठीत लिहूनही दिलं. ही कातडीची जुनाट सूज. शरीराची स्वतःची राखणदार यंत्रणा स्वतःच्याच कातडीवर उलटते असं मानतात. संसर्ग नाही, संबंधातून लागत नाही, अस्वच्छतेनं होत नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि पुढच्या खेपेला यांना बोलावून तिसऱ्यांदा सांगितलं. घरी जाताना हे गाडीवर एक शब्द बोलले नाहीत. रात्री म्हणाले, एवढी वर्षं तू एकटीच घाबरत होतीस.

ओळखलं कसं, ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी फक्त खालीच बघितलं नाही. तोंडाच्या आत, मनगटं, नखं, डोक्याची कातडी, पाठ सगळं बघितलं, कारण दुसरे दोन-तीन आजार तिथंही खुणा ठेवतात. थोडं खरवडून काचेवर घेतलं, पोटॅशचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं. बुरशी नव्हती. पाळी गेलेल्या, साखर नसलेल्या बाईला बुरशी अशी पुन्हा पुन्हा सहसा होत नाही म्हणाल्या. कोडात रंग जातो, पण कातडीचा पोत तसाच राहतो, ती चिरत नाही आणि आक्रसत नाही. आणि माझ्या नायट्याच्या ट्यूबेत बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइडही होतं, म्हणजे सूज दाबणारं औषध. आराम त्यानंच पडायचा. म्हणजे योग्य जातीचं औषध मी आपलं चार-चार दिवस, चुकीच्या मापानं लावत होते.

बहुतेक वेळा हा आजार नुसता बघून ओळखता येतो, प्रत्येकीला तुकडा काढावा लागत नाही. माझ्या डाव्या बाजूला एक जाड, खरखरीत भाग होता, म्हणून बायोप्सी केली. इंजेक्शन टोचलं तेवढंच दुखलं. चार मिलिमीटरचा गोल तुकडा, आमच्या टिचबटणापेक्षा लहान, आणि एक टाका. तो टाका मी आरशात बघितला, नीट होता. रिपोर्ट आठ दिवसांनी आला. चिठ्ठीच्या मागं चित्र काढून त्यांनी समजावलं: वरचा थर पातळ झालेला, त्याखाली कांजी जास्त झालेल्या कापडासारखा घट्ट, काचेसारखा पट्टा आणि त्याखाली सुजेच्या पेशींची रांग. कॅन्सर नाही. हे शेवटचे दोन शब्द त्यांनी आधी सांगितले, चित्र नंतर काढलं.

उपचार म्हणजे क्लोबेटासॉलचं मलम, हेही स्टिरॉइडच, पण जोरदार. बोटाच्या पहिल्या पेराएवढी रेघ, तीही फक्त पांढऱ्या भागावर. पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एकाआड एक, तिसरा आठवड्यातून दोनदा. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरली. मेडिकलवाला म्हणाला, ‘काकू, हे तिथं लावायचं नसतं,’ आणि खोक्यातल्या कागदावरही तसंच छापलं होतं. मी तिथल्या तिथं परत केलं असतं. पण मॅडमनी आधीच बजावलं होतं, ‘कागद वाचून घाबराल, लावणं थांबवू नका. या आजारात हेच पहिलं औषध आहे.’ साबण बंद, डेटॉल बंद, नुसतं पाणी आणि पेट्रोलियम जेली. घट्ट नायलॉनच्या चड्ड्या टाकल्या, मलमलच्या सैल शिवून घेतल्या. थायरॉईडही तपासायला लावला, कारण या आजारासोबत तो बऱ्याचदा सापडतो. माझा सापडला, सकाळची गोळी सुरू आहे.

खाज तिसऱ्या आठवड्यात थांबली. आता सात महिने झाले, मी रात्रभर झोपते. पांढरेपणा थोडा कमी झालाय. पण चिकटलेल्या कडा परत सुटत नाहीत. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गेलेलं मिळणार नाही, आहे ते राखता येईल. याचं मला वाईट वाटतं आणि कायम वाटणार. पहिल्या वर्षी कुणी दिवा लावून बघितलं असतं, तर ते राहिलं असतं. मलम आठवड्यातून दोनदा चालूच ठेवायचं, वर्षातून एकदा दाखवायचं. यात कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात पाचपेक्षा कमी आहे आणि नेमानं मलम लावलं तर आणखी घटतं. पण न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर वर्षाची वाट बघायची नाही.

हा आजार पाळी न आलेल्या लहान मुलींनाही होतो. मुलगी संडासला बसताना रडत असेल, तिथं खाजवत असेल, तर आईनं स्वतः बघावं आणि कातडी पांढरी दिसली तर दाखवावं. पुरुषांनाही होतो. त्यांची पुढची कातडी घट्ट होऊन मागं सरकत नाही.

फी ५०० रुपये, महिन्याच्या आत पुन्हा दाखवलं तर २००. बायोप्सी आणि लॅब मिळून मला २,८०० लागले. हा खर्च जड गेला, मी दोन हप्त्यांत दिला आणि त्यांनी कुरकुर केली नाही. सकाळी लवकर नंबर लावा, नाहीतर दुपार होते. जिना उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत कुणाला तरी आणा.

पडद्याचं माझ्या मनातून गेलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला टेप घेऊन गेले, माप घेतलं. जाड कॉटन, दोन पन्हे जोडून, खाली चार बोटं दुमड. आता तो जमिनीला टेकतो.