रोबोटिक हर्निया ऑपरेशन: काही महिन्यांनंतरचा अनुभव, आणि त्या कात्रीचा हिशेब

ऑपरेशनला आता बरेच महिने झाले. जांघेत दुखत नाही, जिने चढतो, वजनही उचलतो. आज लिहायला बसलो ते विमा कंपनीच्या पत्रामुळे. भूल, खोली, सर्जनांची फी, सगळं मंजूर. नामंजूर फक्त एक ओळ, 'रोबोटिक उपकरणे'. आणि बिलातला सगळ्यात मोठा आकडा नेमका त्याच ओळीपुढे होता.

माझा हर्निया उजवीकडचा. पूर्वी उघड्या पद्धतीने जाळी बसवून घेतलेली, तरी परत आलेला. पुढून एकदा जाळी बसली असेल आणि हर्निया परत आला, तर दुसऱ्यांदा आतून, पोटाच्या बाजूने जावं अशी शिफारस 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पुढच्या बाजूला जुन्या व्रणाचा चिवट गुंता झालेला असतो आणि नसा त्यातच अडकलेल्या असतात. त्यामुळे दुर्बीण हवी याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. या सर्जनांकडे साधी दुर्बीणही होती आणि रोबोटही. समुपदेशनाच्या टेबलावर मात्र पुढे सरकवलं गेलं ते रोबोटचंच माहितीपत्रक.

आधी चांगलं सांगतो. पोटावर तीन छोटे छेद, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. संध्याकाळी स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेलो, दुसऱ्या दिवशी घरी. उघड्या ऑपरेशननंतर खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायचो, यावेळी ते काही नाही. दुखला तो खांदा! पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा चाळवतो, आणि पडद्याची नस मानेतून येत असल्यामुळे कळ खांद्यात उमटते. साध्या दुर्बिणीतही हे होतंच, तेव्हा रोबोटला दोष नाही. आधी कुणी सांगितलं असतं तर रात्री हृदयाची शंका तरी घेतली नसती, इतकंच.

आता कात्री, म्हणजे त्या नामंजूर ओळीतलं एक अवजार. बिलाचा तपशील मागितला (लेखी मागावा लागला, तोंडी मागणीला खिडकीवर फक्त हसू मिळालं). त्यात कळलं की रोबोटच्या हाताला लावायच्या प्रत्येक अवजाराला आयुष्य नेमून दिलेलं असतं. सर्वात जास्त वापरातल्या 'दा विंची' यंत्राची बरीचशी अवजारं सुरुवातीला दहा वापरांची होती. 2020 पासून काहींची मर्यादा बारा ते अठरापर्यंत वाढवली. अवजारात चिप असते, ती मोजते. मर्यादा संपली की कात्रीला कितीही धार असो, यंत्र तिला हात लावू देत नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं की आतल्या तारा झिजतात, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अमेरिकेत यावरून खटलेही झाले आहेत. मला तारांचं शास्त्र कळत नाही. पण एका वापराचा अर्थ एक ऑपरेशन. त्या कात्रीने पाच मिनिटं काम केलं की तासभर, हिशेब तोच. मग माझ्या ऑपरेशनात ती किती चालली? हा प्रश्न मी खिडकीवर विचारला, मेलवर विचारला, सर्जनांनाही विचारला. उत्तर फक्त सर्जनांनी दिलं: "थोडीच."

इथवरचा मजकूर लिहून बाजूला ठेवला होता, वर गुणांकन म्हणून एकच तारा दिला होता. मग तपासणीला गेलो तेव्हा सर्जनांनी रेकॉर्डिंग दाखवलं, आणि एक तारा काही राहिला नाही. डावीकडेही लहानसा हर्निया होता, जो बाहेरून कुणाच्या हाताला लागला नव्हता. संमती आधीच घेतलेली असल्याने त्याच भुलीत तोही दुरुस्त झाला. म्हणजे पुढचं एक ऑपरेशन वाचलं. पण हिशेब नीट मांडायचा तर हे श्रेय आतून बघण्याचं आहे. साध्या दुर्बिणीतही तो दिसलाच असता. रोबोटचं खरं कसब दिसलं ते शेवटी, जाळीवर पोटाचं अस्तर परत शिवताना. साध्या दुर्बिणीचं अवजार सरळ काठीसारखं. रोबोटच्या अवजाराला मनगट असतं. अडचणीच्या कोनात सुई वळून जाताना पाहिली आणि मी गप्प झालो. त्यातही सर्जनांना धाग्याचा ताण हाताला कळत नव्हता, ते नजरेने ओळखत होते. ताण हाताला जाणवून देणारी अवजारं 'दा विंची'च्या 2024 मध्ये मान्यता मिळालेल्या पाचव्या पिढीत आली.

तेव्हा सुईधारकाचे पैसे वसूल, असं माझं सुधारित मत. कात्रीचे नाहीत.

हर्नियाबाबत रोबोट आणि साधी दुर्बीण यांची तुलना 2020 मध्ये 'जामा सर्जरी' या वैद्यकीय नियतकालिकात आली. रुग्णाच्या वेदनेत वा बरं होण्यात ठळक फरक नाही, रोबोटला वेळ आणि खर्च जास्त. माझ्यासारख्या परत आलेल्या हर्नियाला ते तंतोतंत लागू करू नये, पण माहितीपत्रकात 'जलद पूर्ववत आयुष्य' छापताना तुलना उघड्या ऑपरेशनशी केलेली असते, हे लक्षात ठेवा. तुम्ही विचारा: साध्या दुर्बिणीपेक्षा मला काय जास्त मिळणार? आणि रोबोटच्या अवजारांचा वेगळा खर्च विमा देणार का, हे भरती होण्याआधी लेखी घ्या.

विम्याकडे फेरविचाराचा अर्ज केला आहे. दरम्यान घरात पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरतंय. पित्ताशय 1985 पासून दुर्बिणीने निघतंय, त्याला रोबोट कशाला? त्याच सर्जनांकडे जातोय, हातावर विश्वास आहे. साध्या दुर्बिणीने करा म्हटलं, तर ते लगेच हो म्हणाले. माहितीपत्रक परत पुढे आलं ते समुपदेशनाच्या टेबलावर.